आत्मा + ईश्वर = आई? माय वं!

मंडळी, मदर्स डे आला की ते फॉरवर्ड येतंच. 'आ म्हणजे आत्मा, ई म्हणजे ईश्वर, म्हणून आई.' शाळेतल्या भाषणांत तर हमखास. आमच्या घरच्या ग्रुपवर कुणी पाठवलं ते सांगत नाही :-) भावना चांगली आहे, मान्य. पण व्युत्पत्ती साफ खोटी आहे, आणि निरुपद्रवीही नाही.

आद्याक्षरं जोडून बनतात ते एसटी आणि एमपीएससी. घरातले जुने शब्द तसे बनत नाहीत. खेड्यापाड्यात 'आय' म्हणतात, तिथला ईश्वर कुठे गेला? आसामी लेकरूही 'आइ'च म्हणतं. जुन्या तमिळमध्ये 'आय्' म्हणजे आई, आणि त्या भाषेचं तर घराणंच वेगळं. रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० सालच्या लेखात मांडलं, की जगभरचे असे शब्द तान्ह्या बाळाच्या सोप्या आवाजांतून येतात. अर्थ मोठी माणसं लावतात. म्हणून तर जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे चक्क बाप!

आता आमच्या वाशीमचं. इथली हाक 'माय'. संस्कृत माता, प्राकृत माआ, मराठी माय. इंग्रजी मदर, जर्मन मुटर हे तिचेच दूरचे नातलग. वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. त्यात वंशावळ संस्कृतात, पण दानाचा मजकूर प्राकृतात. राजाला जी चालली, त्या प्राकृतानेच आपल्याला माय दिली.

आणि आज पोरगं चारचौघांत 'माय' म्हणालं, की त्याला 'आई म्हण' असं दटावतात. वरून त्या फॉरवर्डचा शिक्का: आईत देव, माय गावंढळ. जिल्ह्यातल्याच पोहरादेवीला जा, बंजारा लेकरं 'याडी' म्हणतात. त्यांच्या आईत आत्मा नाही की काय?

सगळी वारी ज्ञानेश्वरांना 'माउली' म्हणते. ती मायच्याच गोतातली. तिथे कुणी अक्षरं फोडत बसत नाही.

असो. आईचं मोठेपण खोट्या व्युत्पत्तीवर उभं नाही. पुढच्या मे महिन्यात ते फॉरवर्ड आलं तर पुढे ढकलू नका. आणि पोराला बिनधास्त 'माय' म्हणू द्या.