वजनकाटा सगळे सांगत नाही

मगरिबची अजान होते, खजुराने रोजा सुटतो आणि दस्तरखानावर भजी, समोसे, सरबताचे पेले येतात. मोठ्यांनी दिवसभर पाण्याचा घोटही घेतलेला नसतो. शेजारी बसलेल्या लहानग्यांचे दुपारचे जेवण मात्र झालेले असते, तरी त्यांच्या ताटात तेच आणि तितकेच पडते. दिवाळीच्या फराळाला आणि वाढदिवसाच्या केकलाही हेच घडते. मूल गुटगुटीत असेल तर घराला अभिमान वाटतो. बारीक असेल तर ‘खाऊ दे, हाडे दिसताहेत’ म्हणून आणखी वाढले जाते.

बारीक मुलाला धोका नाही, हा समज पुण्यात झालेल्या संशोधनाने खोटा ठरवला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हातापायांनी किरकोळ होती, स्नायू कमी होते. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार!

मोठेपणीही हे चित्र बदलत नाही. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापून आली. उंची आणि वजनाच्या गणिताने काढलेला बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! हीच जादा चरबी, विशेषतः पोटाभोवतीची, इन्सुलिनचे काम अडवते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्या वाटेवर असलेले १३ कोटींहून अधिक आहेत.

पुण्याच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. गरोदरपणात ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणे अधिक आढळली. याचा अर्थ फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बंद कराव्यात असा नाही. त्या बाळाच्या मज्जारज्जूसाठी गरजेच्या आहेत. बी-१२ कडेही डॉक्टरांकरवी लक्ष द्यावे, एवढाच अर्थ. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. ज्या घरी मांसाहार नाही, तिथे तर सुनेच्या वाटीतले दही कमी पडता कामा नये. गर्भवती आणि आजारी यांना रोज्यातून सवलत आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

मुलाच्या पोषणाची सुरुवात अशी आईच्या ताटापासून होते. आई मात्र आपल्याकडे सर्वांत शेवटी जेवते. सहरीला सर्वांत आधी उठणारी तीच आणि सणाच्या पंगतीनंतर उरलेले खाणारीही तीच. तिला अर्धपोटी ठेवायचे आणि मुलाला मात्र सरबत, बिस्किटे, कुरकुरीत पाकिटे यांनी भरून काढायचे, हा व्यवहार उलटा आहे.

उपाय महागडे नाहीत. वजनाबरोबर मुलाच्या कंबरेलाही टेप लावावा. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मुलांनी रोज सरासरी तासभर अंगमेहनतीचे खेळ खेळायला हवेत. त्यासाठी मैदान लागते. शाळेच्या पटांगणात वाहने उभी राहत असतील आणि नगरपालिकेच्या राखीव मैदानावर गाळे उभे राहत असतील, तर दोष एकट्या आईबापाच्या माथी मारता येणार नाही.

इफ्तारला लहानग्याच्या हाती कलिंगडाची फोड द्यावी आणि भजी एखादेच. सर्वांबरोबर बसण्याचा त्याचा आनंद तेवढ्याने कमी होत नाही.