आधी आरसी बुक दाखवा

जुनी येझदी घेतलीय, घरीच उभी करून विकणार आहे, असं सांगितलं की कोल्हापुरात लोक आधी हसतात आणि लगेच म्हणतात, "विकताना पहिल्यांदा मला सांग." हसण्याचं कारण उघड आहे. विकायला म्हणून घेतलेल्या अशा बऱ्याच गाड्या वर्षानुवर्षं त्याच अंगणात उभ्या दिसतात. आणि 'मला सांग' हेही खोटं नसतं, कारण किक मारली की सुरू होणारी जुनी टू-स्ट्रोक आता सहजी मिळत नाही.

यामाहा आरएक्स-१०० आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ साली बंद पडली. म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बनत होत्या, तोही १९९६ लाच थांबला. म्हणजे यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता तिशीची. नवी बनत नाही आणि असलेली रोज एखादी भंगारात जाते. भाव चढायला आणखी काय हवं? नीट लावलेल्या आरएक्सला लाखाच्या पुढची बोली लागलेली मी ऐकली आहे. २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी पुन्हा बाजारात आल्या, पण त्या फोर-स्ट्रोक. गाड्या चांगल्या आहेत, जुन्याचं गिऱ्हाईक मात्र त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. त्याला तो दोन सायलेन्सरचा आवाज आणि निळा धूर हवा असतो.

माझी येझदी रोडकिंग गडहिंग्लजकडच्या एका गोठ्यात सापडली. वर पेंढी, खाली कोंबड्या. मालकाचा मुलगा म्हणाला, "आबांची हाय. लई जीव हुता त्यांचा हिच्यावर." मी म्हटलं, "आबा कुठं आहेत?" तर ते दोन वर्षांपूर्वी गेलेले. तिथंच माझ्या मनात गाडीची किंमत निम्म्यावर आली. का, ते पुढं सांगतो.

घरी आणल्यावरचं पहिलं काम म्हणजे फोटो काढणं. वायर कुठून कुठं जाते, कुठल्या बोल्टला वायसर आहे, सगळं. मग खोलायचं, आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या श्रीखंडाच्या डब्यात ठेवून वर पेनानं लिहायचं. आमच्या घरातला एकही श्रीखंडाचा डबा आता श्रीखंडाचा राहिलेला नाही, ही सौंची तक्रार रास्त आहे. पार्ट धुवायला पूर्वी रॉकेल असायचं; आता रॉकेल औषधालाही मिळत नाही, म्हणून डिझेल. परातीत डिझेल घेऊन ब्रशनं इंजिनचं केसिंग घासत बसलं की काळ्या थराखालून ॲल्युमिनियम वर येतं. या कामाला अक्कल लागत नाही, पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

अक्कल लागते ती सायलेन्सरला. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं आणि त्याची काजळी सायलेन्सरच्या आतल्या जाळीत बसते. तीस वर्षांची काजळी म्हणजे डांबरच. पाईप बाहेरून चकाचक करून आणतात आणि मग गाडी ओढत नाही म्हणून कार्बोरेटरला शिव्या देतात. जाळी बाहेर काढायची, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवायची, हातमोजे आणि चष्मा घालून, पोरंबाळं लांब ठेवून. दुसऱ्या दिवशी ते पाणी कॉफीच्या रंगाचं झालेलं असतं आणि जाळीची भोकं दिसायला लागतात. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर असल्यामुळे येझदीवाल्याला हा उद्योग दोनदा करावा लागतो.

इंजिनचं पोट मात्र घरी उघडण्यात शहाणपण नाही. क्रँक दाबून बसवलेला असतो. तो खोलायचा तर प्रेस लागतो, आणि जोडल्यावर लेथवर सेंटरमध्ये धरून डायल लावून त्याचा आउट काढावा लागतो. त्यासाठी आमचं उद्यमनगर आहे. ऑइल इंजिनांवर हात बसलेली तिथली माणसं क्रँक कानानं ऐकतात. मिस्त्रींनी सिलिंडरमध्ये बोट फिरवलं आणि म्हणाले, "भावा, ह्याला बोअर मारायलाच लागतंय. पण पिस्टन आधी आण, मग बोअर. उलटं करू नको." पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्यानं मोठे मिळतात, जो हाती येईल त्याच्या मापानं बोअर मारायचा, हे त्यामागचं साधं कारण. पिस्टन शेवटी पुण्यातल्या नाना पेठेत मिळाला. जुन्या बाजारातही हिंडलो. तिथं येझदीचं काहीही मिळतं, फक्त आपल्याला हवं असतं ते सोडून.

एक गोष्ट मात्र जुन्या मेकॅनिकच्या हिशेबात नव्हती. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. त्यामुळे जुन्या नळ्या आणि सील ठेवून चालत नाही. आणि विकायची गाडी महिनोन् महिने उभी राहते, तर टाकी भरून ठेवू नये; मूठभर नट टाकून हलवून हलवून गंज काढलेली टाकी आतून पुन्हा लाल होते.

इथवरचं सगळं पैसे आणि हात चालवून होतं. खरी गाडी यापुढं आहे, ती कागदाची.

खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मग तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यावर पर्यावरण कर. तिशीतल्या गाडीला यातून सुटका नाही. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीची नूतनीकरणाची फी २,००० रुपये झाली आहे आणि उशीर केला तर महिन्याला ३०० रुपये वेगळे. वर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, दुचाकीला ४५० रुपये आणि जीएसटी. रकमा फार नाहीत. अडतं ते दुसरीकडेच. जुनं आरसी बुक हातानं लिहिलेलं. ते आरटीओच्या 'वाहन' या संगणकीय नोंदीत चढलेलंच नसतं. आधी ती बॅकलॉग नोंद करून घ्या, तोवर पुढची कुठलीच खिडकी उघडत नाही.

आणि मालक वारलेला असेल तर नेहमीचे फॉर्म २९ आणि ३० चालत नाहीत. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, मग ती तुमच्या नावावर. इतर वारसांची संमती लागते. आबांच्या येझदीला तीन मुलं आणि दोन लेकी निघाल्या, म्हणजे गाडीचा सातबाराच म्हणायचा. एक लेक सुरतेला. गोठ्यातून गाडी काढायला अर्धा तास लागला होता. सह्या गोळा व्हायला पावसाळा गेला. पण पूर्ण पैसे मी सह्यांनंतरच देणार, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं, त्यामुळे माझ्यापेक्षा घाई त्यांनाच होती.

आरटीओत अधिकाऱ्याला चेसिस नंबरचा पेन्सिलीचा ठसा लागतो. हँडलखाली चेसिसच्या मानेवर कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची, आकडे उमटतात. इथंच हौशी लोकांच्या गाड्या अडकतात. पेंटरनं पुट्टी आणि रंगाचे इतके थर दिलेले असतात की आकडे भरून जातात, किंवा सँडिंग करताना घासून जातात. पुसट नंबरची गाडी चोरीची नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मग तुमची. मी रंगाला देण्याआधी नंबरवर मास्किंग टेप लावली आणि पेंटरला दोनदा दाखवली. इंजिन नंबरचंही तेच. या गाड्यांची इंजिनं मधल्या काळात सर्रास बदलली गेली आहेत. इंजिन कितीही गोड वाजत असलं, तरी त्याचा नंबर आरसीशी जुळत नसेल तर ती गाडी विकायच्या कामाची नाही.

रंगाबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. काळ्या गाडीला चेरी रंग, टाकीवर सोनेरी ज्वाळा, मोठा हँडल, हे ज्याला करायचं त्यानं स्वतःसाठी करावं. आरसीवर रंग लिहिलेला असतो, तो बदलला की तीही नोंद आली. शिवाय चांगला पैसा देणारं गिऱ्हाईक नेमकं या गोष्टींना बिचकतं. त्याला जुनं मीटर, मूळचं टूलबॉक्सचं झाकण, गियरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की होणारी किक, हे सगळं जसंच्या तसं हवं असतं. थोडं विटलेलं क्रोम तो माफ करतो. नवं कोरं क्रोम बघून मात्र विचारतो, "खाली काय लपवलंय?"

ज्यांच्याकडे पन्नास वर्षांवरची गाडी आहे त्यांची वाट वेगळी. २०२१ पासून केंद्रानं व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली, फी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली वगैरेंपुरतीच. भाजी आणायला येझदी हवी असणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

नफ्याचं सगळे विचारतात. गाडी, इंजिनकाम, रंग, क्रोम, टायर, सीट आणि कागद मिळून माझा खर्च पाऊण लाखाच्या आसपास गेला. आलेली सगळ्यात चांगली बोली नव्वद हजार. माझी मजुरी धरली तर हा धंदा नाही, आणि बँकेत ठेव ठेवणाऱ्याच्या नादी लागून तर हा हिशेब मांडूच नये. तरी पंधरा हजार सुटताहेत ते फक्त कागदामुळे. याच रंगाची, याच अवस्थेतली, पण आरसी संपलेली एक रोडकिंग शेजारच्या गल्लीत उभी आहे. तिला चाळीसच्या वर कोणी बोलत नाही.

तेव्हा तुमच्या गावाकडच्या घरात, पोटमाळ्याखाली किंवा गोठ्यात अशी एखादी उभी असेल, तर टायर आणि बॅटरीच्या नादाला आत्ताच लागू नका. ज्यांच्या नावावर आहे ते थोरले घरात असतील, तर त्यांच्या हयातीतच आरसी बुक शोधा, त्यांना घेऊन एकदा आरटीओत जा आणि नाव बदलून घ्या. किक नंतर मारता येते.