पहिला घाव रुळांवर, दुसरा मेंदूत

ठाणे : दिवा आणि मुंब्रा स्थानकांदरम्यान ९ जून २०२५ रोजी सकाळी दोन खचाखच भरलेल्या लोकलगाड्या वळणावर एकमेकींच्या बाजूने जात असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर फेकले गेले. त्यात चार जणांचा मृत्यू झाल्याचे त्याच दिवशी स्पष्ट झाले. त्यानंतर गर्दी, वळण आणि स्वयंचलित दरवाजे यांवर बरीच चर्चा झाली. मात्र अशा अपघातांत डोक्याला मार लागूनही जे बचावतात, त्यांच्या मेंदूत पुढील काही तासांत काय घडते आणि तेवढ्या वेळात ते कोठे असतात, हा प्रश्न मागेच राहिला.

प्रश्न लहान नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२३ या एका वर्षात २,५९० जणांचा मृत्यू झाला, तर २,४४१ जण जखमी झाले. त्याखेरीज हेल्मेट न घालणारे दुचाकीस्वार आहेतच.

इंधन आहे, ऊर्जा नाही

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटाच वापरतो. डोक्यावर जबर आघात होताच चेतापेशींतून ग्लुटामेट हे रसायन बेसुमार बाहेर पडते आणि पेशींतील क्षारांचा समतोल ढासळतो. तो सावरण्यासाठी पेशी झपाट्याने ग्लुकोज जाळू लागतात. नेमके याच वेळी ग्लुकोजपासून मिळालेला कच्चा माल पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, म्हणजे तंतुकणिकेत, पोहोचविणारे पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज हे विकर मंदावते. परिणामी लॅक्टेट साचते आणि ऊर्जा अपुरी पडते. या धावपळीनंतर चयापचय कित्येक दिवस मंद राहतो.

दुसरीकडे मेंदूतील संरक्षक पेशी, अर्थात मायक्रोग्लिया, जाग्या होतात. मृत पेशींचा कचरा हटविणे हे त्यांचे काम. त्यासाठी त्या दाहकारक प्रथिने सोडतात. हा दाह आटोक्यात राहिला तर दुरुस्तीला मदत होते. हाताबाहेर गेला तर रक्तवाहिन्यांची संरक्षक भिंत सैल होऊन सूज वाढते आणि कवटीच्या बंदिस्त जागेत दाब चढतो. लंडनच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर काही रुग्णांमध्ये आघातानंतर १७ वर्षांपर्यंत मायक्रोग्लिया सक्रिय असल्याचे दिसून आले. घरी परतलेला रुग्ण चिडचिडा का झाला, त्याचे लक्ष का लागत नाही, याच्या उत्तराचा काही भाग येथे असू शकतो.

औषध नाही, वेळ आहे

दाह आहे, तर तो दाबणारे औषध द्यावे, असे कोणालाही वाटेल. वैद्यकशास्त्रालाही तसेच वाटले होते. परंतु १०,००८ रुग्णांवरील ‘क्रॅश’ या चाचणीने २००४ मध्ये उलटेच दाखविले. स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांत दोन आठवड्यांतील मृत्यूचे प्रमाण २१.१ टक्के, तर न दिलेल्यांत १७.९ टक्के होते. प्रोजेस्टेरॉनकडून असलेली आशाही २०१४ मध्ये मावळली. ‘क्रॅश-३’ या २०१९ च्या चाचणीत रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडचा सौम्य ते मध्यम दुखापतीत लाभ दिसला. पण ते पहिल्या तीन तासांत देणे आवश्यक.

म्हणजे मंदावलेले विकर पूर्ववत करणारी गोळी आज कोणत्याही रुग्णालयात नाही. हाती आहे ते एवढेच : प्राणवायू आणि रक्तदाब टिकविणे, वेळेत सीटी स्कॅन आणि गरज भासल्यास शस्त्रक्रिया. आधीच ऊर्जेविना झगडणाऱ्या पेशीला रक्तदाबातील घसरण परवडत नाही. गंभीर दुखापतीत रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी मृत्यूचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, हे १९९३ मध्येच दिसून आले होते.

आणि येथेच कल्याण-डोंबिवलीचे दुखणे सुरू होते. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर या पालिका रुग्णालयांतून गंभीर रुग्णांना कळवा वा थेट शीव येथे पाठविले जाणे शहरवासीयांना नवे नाही. वाटेत कल्याण-शीळ रस्त्याची कोंडी असते. रुग्णवाहिका जेथे अडकते, तेथे मेंदूतील दुसरा घाव वाढत असतो.

मोटार वाहन कायद्याने दुखापतीनंतरचा पहिला तास ‘गोल्डन अवर’ मानला. मे २०२५ मध्ये रस्ते अपघातग्रस्तांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोखरहित उपचारांची योजनाही लागू झाली. पण पैशांची तरतूद म्हणजे जवळ न्यूरोसर्जन असणे नव्हे. शिवाय ही योजना रस्त्यावरच्या अपघातासाठी आहे. रुळांवर पडलेल्याचा मेंदू हा भेद जाणत नाही.

लाखोंच्या वस्तीच्या या शहरात चोवीस तास सीटी स्कॅन आणि मेंदूशल्यचिकित्सा देणारे सार्वजनिक आघात केंद्र, तसेच स्थानकांवर प्राणवायू व रक्तदाब सांभाळू शकणारे प्रशिक्षित पथक, ही चैन नव्हे. स्वयंचलित दरवाजे पहिला घाव टाळतील. दुसरा घाव टाळणे मात्र रुग्णालय किती जवळ आहे, यावरच ठरणार आहे.