बायकोचा वाढदिवस मेसमध्ये नको

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वाद घालायचाय त्यांची सोय होईल. नवरा-बायको एकाच स्टेशनवर असतील, तर बायकोचा वाढदिवस मेसमध्ये साजरा करू नये. दोन दिवसांची रजा टाकावी आणि जवळच्या मोठ्या शहरात जावं. दोघांनीच.

फौजेत वाढदिवस विसरायची सोयच नाही. ॲडज्युटंटकडे यादी असते. सकाळी युनिटचा बुके घरी येतो, सोबत कार्ड. संध्याकाळी मेसमध्ये केक. त्यावर बहुतेक वेळा 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचं आडनाव. आधी सीओंच्या मॅडम घास भरवतात, मग बाकीच्या. जिचा वाढदिवस, ती रात्री अकरापर्यंत उभी राहून प्रत्येकाशी हसून बोलते. म्हणायला उत्सवमूर्ती, प्रत्यक्षात यजमानीण.

या प्रथेला मी नावं ठेवत नाही. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली. त्यातल्या आठ वाढदिवसांना मी फील्डमध्ये होतो, नाहीतर कुठल्यातरी कोर्सवर. अशाच एका वर्षी धाकटा तापाने फणफणला होता. रात्री शेजारच्या केरळच्या मॅडम त्याच्या उशाशी बसल्या आणि सकाळी हिच्यासाठी पायसम करून घेऊन आल्या. नवरा लांब असताना युनिट जे करतं, त्याची परतफेड होत नाही. पण नवरा घरात असताना त्याची जागा युनिटने का भरावी?

रजेचा हिशोब मांडून बघा. अधिकाऱ्याला वर्षाला 60 दिवस वार्षिक रजा आणि 20 दिवस कॅज्युअल लीव्ह. साठातले बहुतेक दिवस गावी जातात. आईचे डोळे, भाच्याची मुंज, घराची गळती, बँकेची कामं. ती रजा कुटुंबाची असते, जोडप्याची नसते. जोडप्याच्या वाट्याला उरते ती कॅज्युअल, तीही मिळाली तर. मग त्यातले दोन दिवस तरी राखून ठेवायला हवेत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही डुआर्समधून कोलकात्याला गेलो. कांचनकन्या एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास, सकाळी सियालदा. स्टेशनसमोरच्या रस्त्यावर पाऊल टाकल्याबरोबर बायको म्हणाली, "आपण आपल्याच पूर्वजांच्या धाकाने खणलेल्या खंदकावर उभे आहोत." ती इतिहासाची शिक्षिका. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये उतरल्या, तेव्हा कलकत्तेकरांनी शहराभोवती 'मराठा डिच' खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही. पुढे बुजवला आणि त्यावरून सर्क्युलर रोड गेला. या बारगिरांची, म्हणजे तिकडच्या 'बर्गीं'ची, धास्ती बंगाली अंगाईगीतांत अजून शिल्लक आहे. हे तिने मला हातगाडीवरचा चहा पिता पिता सांगितलं. सतरा वर्षांत नऊ स्टेशनं झाली, पण ही काय शिकवते ते मी इतक्या निवांतपणे क्वचितच ऐकलं होतं.

कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती पाऊण तास रमली. दुकानदाराने तिला 'दीदी' म्हटलं. 'बौदी' म्हणाला असता तर ती वहिनी झाली असती, म्हणजे पुन्हा नवऱ्यावरूनच ओळख. त्याने तिला विचारलं, काय शिकवता, कितवीला शिकवता, कुठला कालखंड आवडतो. नवरा काय करतो, हे विचारलं नाही. मी पुस्तकांची पिशवी धरून मागे उभा होतो, आणि तिथे माझं तेवढंच काम होतं. दर दोन-तीन वर्षांनी शाळा सोडायची, नव्या स्टेशनवर पुन्हा अर्ज करायचा, कधी जागा मिळते, कधी नाही. तरीही मनातली शिक्षिका तिने जिवंत ठेवली आहे. छावणीत हे कुणाला दिसत नाही, कारण तिथे ओळख करून देताना आधी माझा हुद्दा येतो.

बाकी आम्ही काही मोठं केलं नाही. कॉफी हाऊसमध्ये 'इन्फ्यूजन' म्हणजे काळी कॉफी घेतली. 1873 साली या शहरात घोड्यांनी ओढलेली ट्राम सुरू झाली. आता विजेची ट्राम मोजक्याच मार्गांवर उरली आहे, तिच्यात बसलो. हुगळीच्या पात्राखालून मार्च 2024 पासून मेट्रो धावते. नदीखालचं अंतर पाऊण मिनिटात संपतं, म्हणून हिने परतीचंही तिकीट काढायला लावलं. खजुराच्या नव्या गुळाचा संदेश खाल्ला. प्रिन्सेप घाटावर सूर्य मावळेपर्यंत बसलो. जवळच पूर्व कमांडचं मुख्यालय असलेला किल्ला आहे, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून आता त्याचंही नाव विजयदुर्ग. तिथे माझे दोन कोर्समेट आहेत. त्यांना फोन केला नाही. केला असता, तर संध्याकाळी पुन्हा मेस, पुन्हा केक आणि पुन्हा 'मिसेस'.

म्हणून माझे नियम साधे आहेत. शहरातल्या आर्मी गेस्ट रूममध्ये उतरू नका, ती स्वस्त असली तरी. साध्या हॉटेलात उतरा, जिथे सॅल्यूट कुणी करणार नाही. कुणालाही भेटायला जाऊ नका. कार्यक्रम ती ठरवेल. ती म्हणाली दुपारी झोपायचं, तर झोपायचं. शहर कोलकाताच पाहिजे असं नाही. पठाणकोटवाल्याला अमृतसर आहे, तेजपूरवाल्याला गुवाहाटी, अंबाल्याला चंदीगड. मोठं शहर अशासाठी, की तिथे आपण कुणीच नसतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला खर्चाचा. मेसमध्ये वीस-पंचवीस जणांना जेवायला घातलं की बिल आपल्याच नावावर चढतं. दोघांची रेल्वेची तिकिटं आणि दोन रात्रींचं साधं हॉटेल त्याच्या आसपासच जातं. दुसरा मुलांचा. शेजारच्या क्वार्टरमध्ये मुलं दोन दिवस आनंदाने राहतात. त्यांची मुलंही आपल्याकडे राहिलेली असतात. युनिटने वाढदिवसाला काही द्यायचंच असेल, तर ते हेच द्यावं.

तिसरा आक्षेप कुणी तोंडाने काढत नाही, पण मला तोच खरा वाटतो. अनेकांना दोघांनीच दोन दिवस घालवायची धास्ती वाटते. बोलायचं काय? मुलं, बदली, कोण कुठे पोस्ट झालं, हे तासाभरात संपतं. मेसमधल्या गर्दीत ही अडचण झाकली जाते. पण एक दिवस निवृत्तीचा आदेश येणारच आहे. त्यानंतर बुके येणार नाही, ॲडज्युटंटच्या यादीत दुसऱ्यांची नावं असतील, आणि पुण्यात नाहीतर नाशिकात एका फ्लॅटमध्ये दोनच माणसं उरतील. त्यांची एकमेकांशी ओळख आधीपासून असलेली बरी.

तेव्हा पुढच्या महिन्यात कुणाच्या घरी वाढदिवस असेल, तर रजेचा अर्ज आजच टाका. तिकिटं दोनच काढा.