टोमॅटोवाल्यांचा हिशेब

घरामागे चार वेल चढवणं हा अर्थशास्त्राचा अपमान आहे, असं एका विद्वानांचं मत आहे. परवाच्या व्याख्यानात त्यांनी ते फळ्यावर सिद्धच केलं. कुंड्या, कोकोपीट, विकतचं गांडूळखत, ठिबकच्या नळ्या, वर स्वतःच्या वेळेचं मोल. मग भागाकार, आणि घरचा टोमॅटो सफरचंदाहून महाग! म्हणून परसबाग हा सुखवस्तूंचा चाळा, जवळचं पिकलेलं खाणं हा मागास हट्ट, शहाण्याने पिशवी घेऊन बाजार गाठावा. टाळ्याही पडल्या.

भागाकार बरोबर आहे, टोमॅटो चुकला आहे. ही मंडळी दर वेळी टोमॅटोच का धरतात? कोकणातल्या पावसात उघड्यावर तो लावून बघा, करप्यातून वाचला तर मला कळवा. परसात मुळात त्याचा आग्रह धरला कोणी? न्हाणीचं पाणी जिरतं तिथे अळू आणि केळ; आपण आंघोळ केली की त्यांचं शिंपण झालं. शेवगा शेजाऱ्याकडची फांदी रोवून होतो. कोथिंबिरीला स्वयंपाकघरातल्या डब्यातले धणे रगडून पेरायचे. मांडवावर पडवळ, दोडका, तवसं. बी गेल्या साली वेलावरच वाळू दिलेल्या फळाचं, राखेत घालून ठेवलेलं. पानांवर मावा पडला तरी पुन्हा राखच. यातलं कोकोपीटवाल्याकडून काय आणायचं होतं? विद्वानांनी मोजली ती बाग नव्हे, खरेदी होती. आणि वेळेचं मोल म्हणाल, तर सकाळी दोडके खुडण्यात गेलेल्या वेळात हे गृहस्थ एरवी काय कमावत होते? पेपर वाचल्याची मजुरी अजून कुणाला मिळालेली मी पाहिलेली नाही.

शिवाय या वहीत जमेची बाजू कोरीच. गोव्यात आणि तळकोकणात बाजारातली बरीचशी भाजी बेळगावकडून घाट उतरून येते. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. मार्च 2020 मध्ये तर गोव्याच्या सीमाच बंद झाल्या. खिशात पैसे होते आणि पिशवी रिकामी होती. त्या दिवसांचा भाव फळ्यावर कसा आला नाही?

बाकीचे आक्षेप किरकोळ. मिरची आणि काजू पोर्तुगिजांबरोबर आले, मग ‘आपलं’ काय उरलं? चारशे वर्षं इथल्या मातीत राहूनही काजू परका, तर आपल्यातल्या किती जणांचं रेशनकार्ड टिकेल? परसाची राबणूक बायकांवर पडते, हे मात्र खरं. त्यावर इलाज म्हणजे घरातल्या पुरुषांनी कळशी उचलावी; अळू उपटून टाकणं हा नव्हे.

संकरित बियाण्यांवरच्या वादातही याच गोटातून हेच ऐकलं होतं: घरी बी राखणं परवडत नाही. तेव्हा फळ्यावर वांगं होतं.

माझं म्हणणं तसं थोडकंच आहे. बाजारात येतं ते प्रवासात टिकणारं. मायाळू, तांबडी भाजी, चवळीची कोवळी पानं खुडल्यावर लगेच मान टाकतात, म्हणून ती लांबून येत नाहीत. आली तरी खाववत नाहीत. नागपंचमीच्या पातोळ्यांना हळदीचं पान लागतं ते त्याच सकाळचं, त्याशिवाय वाफेला तो वास धरत नाही. अळवाच्या फदफद्यात घरच्या फणसाच्या आठळ्या पडल्या, तर त्याची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची ते विद्वानांनी सांगावं. कांदे-बटाटे, गहू, तेल मी बाजारातूनच आणतो. परसात सगळं पिकवा असा उपदेश मी कधी केलेला नाही, तो त्यांनीच माझ्या तोंडी घातला आहे. दोन वेल, एक शेवगा, न्हाणीमागे अळू, एवढीच मागणी. सोसायटीत राहणाऱ्याने खिडकीत ओवा लावावा. आणि खर्चाचा पुरावा हवाच असेल, तर शेवग्याच्या फांदीची पावती आमच्याकडे नाही, शेजाऱ्याने मागितलेली एक शेंगांची जुडी तेवढी देणं आहे.