नवें घर आणि पाहुणचार

घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून, ही म्हण आमच्या लोकांच्या तोंडीं इतकी रुळली आहे कीं, तिच्या अर्थाकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. घर उभें करण्यांत पैसा किती जातो, खेटे किती पडतात आणि मनें किती जणांचीं राखावीं लागतात, हें ज्यानें केलें त्यालाच कळतें, असा तिचा भावार्थ आहे. परंतु ही म्हण किल्ल्या हातीं येतात तेथेंच थांबते. त्यानंतरच्या पहिल्या वर्षांत त्या घराचें काय होतें, याविषयीं ती कांहींच सांगत नाहीं. आणि आमच्या मतें खरी परीक्षा त्याच वर्षांत असते.

हा विषय आज हातीं घेण्याचें कारण उघड आहे. पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावर यवतसारखीं जीं गांवें आहेत, त्यांचें रूप पालटत आहे. १८६० सालीं पुणें-सोलापूर लोहमार्ग पुरा झाला व पुढें कालव्याच्या पाण्यानें ऊंस आणि गुऱ्हाळें आलीं, तेव्हां हीं गांवें व्यापाराचीं झालीं. आतां तीं राहण्याचीं होत आहेत. वाडीवस्तीवरचें कुटुंब रस्त्याजवळ येतें, पुण्यांतला नोकरदार स्वस्त जागा पाहून इकडे वळतो, बाजारपेठेंतला दुकानदार भाड्याची खोली सोडून स्वतःचे चार खण घेतो. ही इष्ट गोष्ट आहे. ज्याचें घर स्वतःचें, तो गांवाच्या गटाराची, शाळेची व पाण्याची चौकशी अधिक आस्थेनें करतो, असा आमचा अनुभव आहे.

परंतु घर घेणारास त्या वेळीं किती व्यवधानें असतात, तें पहावें. इसार देऊन सौदा ठरतो, मुद्रांक भरून खरेदीखत नोंदवावें लागतें, फेरफाराला हरकतीची पंधरा दिवसांची मुदत जावी लागते, ग्रामपंचायतीच्या दप्तरांत नांव चढवावें लागतें, विजेचा मीटर आपल्या नांवें करून घ्यावा लागतो. बँकेचा हप्ता तर पहिल्या महिन्यापासूनच दारांत उभा. शिवाय नव्या वास्तूचे दोष राहूं लागल्यावरच कळतात. कोणती भिंत ओल धरते हें पहिला पाऊस सांगतो, आणि टाकी घरच्या माणसांस पुरते कीं नाहीं हें पहिला उन्हाळा सांगतो. अशा वेळीं गृहस्थाजवळ दोन गोष्टी शिल्लक असाव्या लागतात : थोडा पैसा व थोडी सवड. नेमक्या ह्याच दोन गोष्टी आमची पाहुणचाराची रीत हिरावून घेते.

वास्तुशांतीच्या एका दिवसाविषयीं आम्ही फारसें बोलत नाहीं. तो एक दिवस असतो, हौस असते, चार माणसें येतात, जेवतात व जातात. खरा भार त्यानंतर सुरू होतो. जे त्या दिवशीं आले नाहींत ते घर पाहावयास पुढें येतात. जे आले होते ते निवांत राहावयास पुन्हा येतात. सुटी लागली कीं मुलें येतात, यात्रा आली कीं वडीलधारीं येतात, पुण्यास दवाखान्याचें काम निघालें कीं आजारी माणूस व त्याच्याबरोबरचीं दोघें येतात. प्रत्येकास गोडधोड, निघतांना प्रत्येकीस खणनारळ किंवा लुगडें, आणि प्रत्येक वेळीं वाण्याच्या वहींत एक ओळ.

ह्या लहान ओळींचें सामर्थ्य आमच्या वडिलांनीं पाहिलें आहे. १८७५ च्या मे महिन्यांत सावकारांविरुद्धचे दंगे सुपें येथें प्रथम पेटले; यवत ज्या जुन्या भीमथडी तालुक्यांत होतें, त्यांतलेंच सुपें हें गांव. रयत लग्नकार्यांच्या उधळपट्टीमुळें कर्जांत बुडाली, असें तेव्हां पुष्कळ शहाणे म्हणत. परंतु त्या दंग्यांची चौकशी करण्यास नेमलेल्या कमिशनानें निराळा निर्णय दिला. लग्नें क्वचित् येतात, त्यांच्या खर्चास वाजवीपेक्षां अधिक दोष दिला जातो. रयतेचें कर्ज फुगतें तें धान्य, बीं, बैल व सारा यांसाठीं वारंवार घेतलेल्या लहान रकमांनीं, असा त्याचा आशय होता. व्यापारी वाचकांस हें निराळें सांगावयास नको. दुकान एका मोठ्या खोटीनें जितकें बसतें, त्याहून अधिक रोजच्या किरकोळ उधारीनें बसतें. घराचेंही तसेंच आहे.

पैशाहून जड असा दुसराही एक खर्च आहे. तो कोणत्याच वहींत लिहिला जात नाहीं. पाहुणचाराचें श्रेय घरधन्यास मिळतें व श्रम घरच्या बाईस पडतात. नवें घर लावण्याचें काम तिचेंच. कोणता डबा कोठें, पाणी किती वाजतां येतें, शेजार कसा आहे, हें सर्व तिनेंच शोधावयाचें. त्यांतच आठ माणसांचा स्वयंपाक, अंथरुणें-पांघरुणें आणि सासरच्या माणसांच्या डोळ्यांची तपासणी. ती नोकरी करणारी असली तर रजा तिनेंच घ्यावयाची. "आमच्याकडे पाहुण्यांचें कांहीं ओझें वाटत नाहीं," असें ओसरीवर बसून म्हणणाऱ्या गृहस्थानें तें ओझें कधीं उचललें आहे काय, असा प्रश्न आम्ही नम्रपणें विचारतों.

कोणी म्हणतील, अतिथिसत्कार हा आमचा धर्म आहे व तुम्ही सुधारक त्याच्या मुळावर उठलां आहां. हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. मनुस्मृतीशीं आमचे मतभेद थोडेथोडके नाहींत; परंतु तिच्यांतही अतिथि म्हणजे एक रात्र राहणारा, अशी व्याख्या केलेली आहे. एका महिन्याच्या मुक्कामास धर्माचा आधार शोधणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. आणि पोथी नको असेल तर यवतकरांनीं आपल्या गांवाकडेच पहावें.

नारायणबाबांनीं १६८५ सालीं सुरू केलेला तुकोबांचा पालखी सोहळा लोणी काळभोरहून निघून यवतास मुक्कामाला येतो. एवढ्या मोठ्या समुदायाचा पाहुणचार करण्याचा प्रसंग ह्या गांवावर दरवर्षीं येतो व गांव तो आनंदानें पार पाडतें. कसें ? येथल्या मुक्कामाचा बेत ठरलेला आहे : पिठलें-भाकरी. भैरवनाथाच्या देवळांत मोठ्या कढयांतून पिठलें शिजतें, आणि भाकऱ्या गांवांतल्या व वाड्यावस्त्यांवरच्या घराघरांतून येतात. कोणत्याही एका घरावर सर्व भार नाहीं. कोणी पक्वान्न मागत नाहीं, कोणी मानपान धरून बसत नाहीं, आणि सकाळ झाली कीं दिंड्या वरवंडची वाट धरतात. सगळ्या गांवाला वर्षानुवर्षें जमणारी ही रीत एका घराला का जमूं नये ? साधा बेत, वांटून घेतलेलें काम आणि ठरलेला मुक्काम, ह्या तिहींवर तो पाहुणचार उभा आहे. ह्यांतलें एक जरी काढलें, तरी गांव दुसऱ्या वर्षीं थकेल.

मुक्काम लांबला तर काय करावें, याचा धडाही दूर नाहीं. यवतापासून आगगाडीनें थोड्याच अंतरावर केडगांव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्य प्रांतांतून निराधार मुली व विधवा आणल्या, आणि केडगांवच्या जागेवर पक्कीं घरें होण्यापूर्वीं त्यांना तात्पुरत्या निवाऱ्यांत ठेविलें. ज्या वास्तूचीच उभारणी चालू आहे, तेथें शेंकडों माणसें येणें ह्याहून कठीण प्रसंग कोणता ? बाईंच्या धर्ममतांविषयीं कोणाचें कांहींही मत असो. परंतु तेथें आलेली स्त्री पाहुणी म्हणून बसून राहिली नाहीं. शेती, विणकाम, छापखाना अशा कामांत तिचा हात लागला, आणि ज्या घरीं ती आश्रयास आली तें तिचेंच झालें. चार दिवसांहून अधिक राहणारा नातलग हा पाहुणा नसून घरचा माणूस होय. आणि घरच्या माणसानें घरचें काम केलें पाहिजे, मग तो पुरुष असो वा स्त्री.

आणखी एक आक्षेप अधिक वजनाचा आहे. हे नातलग परके नव्हेत; घर घेतांना कोणी हातउसने पैसे दिले, कोणी जामीन राहिला, कोणी बहिणीनें आपली शिल्लक मोडली. त्यांना, आतां येऊं नका, असें कोणत्या तोंडानें सांगावें ? आम्हीही तसें सांगत नाहीं. ज्यांनीं हातभार लावला त्यांचा ह्या घरावर प्रेमाचा हक्क आहे, आणि आईबापांसाठीं तर घराचें दार कधींच लावतां येत नाहीं. परंतु उपकाराची फेड पंगतींनीं होत नसते. बहिणीची रक्कम ठरल्या दिवशीं परत पोंचविणें हा तिचा खरा सत्कार होय. तिला लुगडें नेसवून रक्कम लांबविणें ही तिची थट्टा आहे. आणि ज्यानें आपणांस घर घेण्यास मदत केली, त्याला तें घर कर्जांत गेलेलें पाहून आनंद होईल काय ?

म्हणून आमच्या कांहीं स्पष्ट सूचना आहेत. वास्तुशांत करावयाची असेल त्यांनीं ती घरच्या माणसांत, एका साध्या बेतानें करावी व आहेर घेऊंही नये, देऊंही नये. येणारानें दिवस आधीं कळवावा व जाण्याचा दिवसही त्याच वेळीं सांगावा. हातोहातीं फोन असतां अवचित येऊन उभें राहण्यास आतां सबब उरली नाहीं. यजमानानें अडचण असेल तर ती मोकळेपणानें सांगावी, आणि पाहुण्यानें तींत अपमान मानूं नये. हें सांगण्याचें अप्रिय काम बायकोवर न टाकतां, ज्याचे नातलग त्यानें करावें. पुरुषांनीं पाणी भरणें, भांडीं घासणें व अंथरुणें घालणें हीं कामें पाहुण्यांच्या देखत करावीं. चोरून केलेल्या मदतीनें रीत बदलत नाहीं.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. जी बाई घर लावते तिचें नांव घराच्या कागदावर असावें. मुलींना वडिलोपार्जित मिळकतींत मुलांबरोबरीचा हक्क ह्या राज्यानें १९९४ सालीं दिला व सबंध देशानें २००५ सालीं. घर केवळ स्त्रीच्या नांवें घेतल्यास मुद्रांकांत शेंकडा एक सवलत महाराष्ट्र सरकारनें २०२१ पासून लागू केली. कायदा एवढा पुढें आला असतां आमचीं खरेदीखतें मागें का रहावीं ? जिचें नांव कागदावर आहे, तिला 'कोणास केव्हां बोलवावें' हें विचारावेंच लागतें. आज तिला फक्त 'किती माणसांचा भात टाकूं' एवढाच प्रश्न विचारावयाचा अधिकार आहे.

घर हें माणसांसाठीं असतें, पाहुण्याचा पाय लागला म्हणजे त्याला शोभा येते, हें आम्ही मनापासून मानतों. परंतु नवें लावलेलें रोप लोकांनीं पहावें म्हणून रोज उपटून दाखवूं लागलों, तर त्याची सावली कोणासच मिळणार नाहीं. एक वर्षभर त्याला मुळें धरूं द्यावीं. हप्ते वेळेवर जात आहेत, भिंतींची ओल थांबली आहे, घरची बाई सायंकाळीं दोन घटका स्वस्थ बसूं शकते, इतकें झालें म्हणजे मग हवे तितके पाहुणे यावेत. त्या घरची भाकरी त्यांनाही अधिक गोड लागेल.