‘अपवाद’ म्हणजे उत्तर नव्हे

मंडळी, मी साधी बी.ए. शाळेत मराठी शिकवलं. रसायनशास्त्रावर मी काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण आज बोलायचंय ते शिकवण्याबद्दल, आणि तेवढा अधिकार माझ्याकडे आहे असं समजते.

रासायनिक बंध शिकवताना मुलांना एक तक्ता देतात. आयनिक संयुगं : द्रवणांक जास्त, पाण्यातल्या द्रावणातून वीज वाहते. सहसंयुज संयुगं : द्रवणांक कमी, वीज वाहत नाही. तक्ता उपयोगाचा आहे, त्याबद्दल वाद नाही. कढईत साखर वितळते, मीठ वितळत नाही, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. मिठाला ८०१ अंश सेल्सियस लागतात. साखर १८०-१९० च्या आसपासच पाझरते आणि करपायलाही लागते.

माझी तक्रार पुढच्या वाक्याबद्दल आहे. "सहसंयुज बंध दुबळा, म्हणून द्रवणांक कमी" असं कारण मुलं बेधडक लिहितात. मग हिऱ्याचं काय? त्यातला प्रत्येक कार्बन चार शेजारी कार्बनांशी सहसंयुज बंधानेच जोडलेला असतो. वाळूतलं क्वार्ट्झही सहसंयुजच, आणि ते वितळायला १७०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट तर सहसंयुज असूनही वीज वाहून नेतं!

एखादं चौकस पोर हे विचारतं, आणि उत्तर मिळतं, "तो अपवाद आहे, पुढे चला." व्याकरण शिकवताना हा शब्द मी पुष्कळ ऐकलाय. नियमामागचं कारण बहुतेक वेळा अपवादातच दडलेलं असतं.

इथलं कारण अवघड नाही. पाणी उकळतं तेव्हा हायड्रोजन-ऑक्सिजनमधला बंध तुटत नाही. वाफेतही रेणू तसाच अखंड असतो. सुटते ती फक्त रेणूरेणूंमधली ओढ. घरातली माणसं एकमेकांना घट्ट धरून, शेजाऱ्यांशी संबंध मात्र बेताचे, असा हा प्रकार. साखरेचं, मेणाचं तेच. हिऱ्यात वेगवेगळे रेणूच नाहीत. सगळा खडा म्हणजे एकच कुटुंब. तिथे काही सोडवायचं तर खरे बंधच तोडावे लागतात. मिठातही रेणू नाहीत. धन आणि ऋण आयन चारी बाजूंनी एकमेकांना ओढून बसलेले.

म्हणून माझं मत असं, की तक्त्याआधी एक प्रश्न शिकवावा : हा पदार्थ वितळताना नेमकं काय सुटतं? हे ज्याला सांगता आलं, त्याला तक्ता पाठ करावाच लागणार नाही.

यावर कुणी म्हणेल, परीक्षेत तक्ताच विचारतात हो. विचारू देत. पण ज्या मुलाला हिरा आठवला, त्याला गप्प बसवून मिळवलेले दोन गुण फार महाग पडतात. ते पोर पुढच्या वेळी हात वर करत नाही.

असो. तुमच्या घरात कुणी आठवी-नववीत असेल तर आज जेवताना हा प्रश्न विचारून बघा, आणि काय उत्तर येतं ते मला जरूर कळवा.